वाचकांचे प्रश्न : पेशीच्या आत कोण काय करते?

मागील अंकातील एका उत्तरात पेशीचा उल्लेख ओघाने आला होता. त्यावर महिनाभरात बडोद्याच्या निरनिराळ्या भागांतून बरीच पत्रे आली. त्यांत शाळकरी मुले आहेत, नातवंडांचा अभ्यास घेणाऱ्या आज्या आहेत आणि घरात कोणाला मधुमेह असल्यामुळे वाचू लागलेली मंडळीही आहेत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे पेशीलाच दिले आहे. अनेक वर्षे वर्गात पेशीची आकृती फळ्यावर काढल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, अवयवांची नावे आणि कामे जोड्या लावल्यासारखी पाठ केली तर गुण मिळतात, पण पेशी समजत नाही. एखादा पदार्थ पेशीत कोठे तयार होतो, कोणाच्या हातून कोणाकडे जातो आणि शेवटी बाहेर कसा पडतो, एवढे एकदा नीट पाहिले म्हणजे नावे आपोआप लक्षात राहतात. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : माझा नातू गुजराती माध्यमात नववीत शिकतो. मी त्याला ‘पेशी’ म्हटले की तो म्हणतो, “आजी, पेशी वेगळी, हा तर कोष आहे.” मी तंतुकणिका म्हणते, तो कणाभसूत्र म्हणतो. आमच्या दोघांत कोण चुकते? (एक आजी, दांडिया बाजार)

उत्तर : आजी, कोणीच चुकत नाही, मात्र येथे एक खरी अडचण आहे आणि बडोद्यातील मराठी घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली आहे. आपण मराठीत जिला पेशी म्हणतो तिला गुजरातीत कोष म्हणतात. गुजराती पाठ्यपुस्तकात ‘पेशी’ हा शब्द आहे, पण तो एकाच प्रकारचे काम करणाऱ्या अनेक कोषांच्या समूहासाठी वापरतात, ज्याला आपण मराठीत ऊती म्हणतो. त्यामुळे ‘पेशी अनेक कोषांची बनलेली असते’ हे वाक्य नातवाच्या वहीत अगदी बरोबर आहे आणि मराठी वाचणाऱ्याला मात्र ते कोड्यात टाकते. हिंदीत तर मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला तेथे कोशिका म्हणतात. एकच शब्द तीन शेजारी भाषांत तीन ठिकाणी बसला आहे, एवढे नातवाला सांगितले तर त्याचा गोंधळ तेथेच मिटेल.

बाकीचे शब्द फारसे दूर नाहीत. आपली पेशीभित्तिका म्हणजे त्यांची कोषदीवाल, आपले केंद्रक म्हणजे कोषकेंद्र, आपले हरितलवक म्हणजे हरितकण. तंतुकणिका आणि कणाभसूत्र हे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अवयवाचे शब्द तर एकाच मूळ शब्दाची दोन भाषांतरे आहेत. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने धागा आणि कण या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली हे अवयव कधी दाण्यांसारखे तर कधी धाग्यांसारखे दिसतात. मराठीने तंतू आधी घेतला, गुजरातीने कण आधी घेतला, इतकाच फरक.

एका शब्दाच्या बाबतीत मात्र मला गुजराती शब्द अधिक योग्य वाटतो. आपण ‘रिक्तिका’ म्हणतो आणि त्यांच्या पुस्तकात ‘रसधानी’ असते. जुन्या सूक्ष्मदर्शकांतून ती जागा रिकामी दिसे, म्हणून युरोपीय भाषांत तिला रिकामेपणाचे नाव पडले आणि आपण तेच मराठीत आणले. वास्तविक ती रिकामी नसते. तिच्यात पाणी, क्षार, साखर, आम्ले आणि पुष्कळदा रंगद्रव्येही असतात. परीक्षेत नातवाने त्याच्या पुस्तकातील शब्दच लिहावेत. घरी दोन्ही बोलावेत, त्यात त्याचा फायदाच आहे.

प्रश्न : शाळेत आम्हाला कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मला फक्त विटांसारख्या चौकटी आणि प्रत्येकीत एक ठिपका दिसला. पुस्तकातील आकृतीत तर दहा-बारा गोष्टी आहेत. बाकीच्या कुठे गेल्या? (नववीतील विद्यार्थिनी, मांजलपूर)

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण जे दिसले नाही ते दिसले नाही असे तू प्रामाणिकपणे लिहिले आहेस. वर्गातील बहुतेक मुले सूक्ष्मदर्शकात एक पाहतात आणि प्रयोगवहीत पुस्तकातील आकृती उतरवतात.

आधी तुला काय दिसले ते पाहू. कांद्याच्या मांसल पापुद्र्याच्या आतल्या, खोलगट बाजूवरून निघणारी पारदर्शक साल ही पेशींच्या एकाच थराची असते, म्हणून ती या कामाला उत्तम. काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात ती सुरकुती न पडू देता पसरावी, आयोडीनचा एक थेंब द्यावा आणि वरची पातळ काच तिरकी टेकवून सावकाश खाली सोडावी, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या कडांची ती गोल वर्तुळे म्हणजेच पेशी, असे नवख्या मुलांना वाटते. ज्या चौकटी दिसल्या त्या पेशीभित्तिका, आणि जो पिवळसर तपकिरी ठिपका दिसला ते केंद्रक. पुन्हा पाहशील तेव्हा एक लक्षात घे : तो ठिपका बहुधा मध्यभागी नसून एखाद्या भिंतीला चिकटलेला असतो. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत मोठी रिक्तिका जवळजवळ सगळी जागा घेते, कधीकधी ९० टक्क्यांपर्यंत, आणि पेशीद्रव्यासह केंद्रकाला कडेला सारते. म्हणजे रिक्तिकाही तुला दिसलीच होती. ती स्वच्छ पाण्यासारखी असल्यामुळे तू तिला रिकामी जागा समजलीस.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप पाहिला तेव्हा त्याला याहूनही कमी दिसले होते. बूच मृत असल्यामुळे आत काहीच उरले नव्हते, फक्त भिंती होत्या. त्या चौकटी पाहून त्याला लहान खोल्यांची आठवण झाली आणि इंग्रजीत पेशीला खोलीचे नाव मिळाले ते कायमचेच. केंद्रकाला नाव मिळायला १८३१ साल उजाडले. ते रॉबर्ट ब्राउनने दिले.

आता जे दिसले नाही त्याविषयी. हरितलवके कांद्यात नसतातच, कारण तो जमिनीखाली अंधारात वाढतो. ती पाहायची असतील तर मत्स्यालयासाठी साहित्य विकणाऱ्याकडून हायड्रिला या पाणवनस्पतीची एक काडी आण. तिचे पान बहुतेक ठिकाणी पेशींच्या दोनच थरांचे असल्यामुळे रंग न देता सरळ पाहता येते. थोडा उजेड देऊन पाच-दहा मिनिटे धीराने पाहिलेस तर हिरवे दाणे भिंतीच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतील. ते स्वतः पोहत नाहीत. पेशीद्रव्य वाहत असते आणि ते त्याच्याबरोबर वाहतात. जिवंत पेशी ही सतत हलती गोष्ट आहे, हे माझ्या मते यापेक्षा चांगले कोणत्याही चित्रात दिसत नाही.

इतर अवयव मात्र शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. प्रकाशाने पाहणारा साधा सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी एकमेकांपासून ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रोमीटर असते, म्हणून विशेष रंग देऊन ती कशीबशी दिसते. रायबोझोम, म्हणजे प्रथिने गुंफणारा कण, त्याहून कितीतरी लहान, एका मायक्रोमीटरमध्ये सुमारे चाळीस रांगेने बसतील एवढा. पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, म्हणजे पेशीपटलाची, जाडी तर एका मायक्रोमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार झाला आणि पुढील दोन दशकांत या गोष्टी माणसाने प्रथम स्पष्ट पाहिल्या. तुझ्या पुस्तकातील आकृती ही अशा अनेक छायाचित्रांवरून जुळवून काढलेली आहे. त्या आकृतीसारखी हुबेहूब दिसणारी एकही पेशी कोठे नाही. आकृतीत चार-पाच तंतुकणिका काढतात, पण यकृताच्या एका पेशीत त्या हजाराच्या घरात असतात.

प्रश्न : काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातल्यावर थोड्या वेळाने पाणी सुटते. हे पाणी आधी कुठे होते? (एक गृहिणी, रावपुरा)

उत्तर : आताच ज्या रिक्तिकेविषयी लिहिले तिच्यात होते. पेशीपटलातून पाणी सहज ये-जा करते, मीठ मात्र सहजासहजी आत शिरू शकत नाही. बाहेर खारट द्रावण झाले की पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे, म्हणजे पेशीतून बाहेर जाते; यालाच परासरण म्हणतात. भिंत आपल्या जागी राहते, आतले पटल भिंतीपासून सुटून आक्रसते, रिक्तिकेचा दाब जातो आणि काकडीची फोड मऊ पडते. म्हणून मीठ ऐन वाढायच्या वेळी घालावे. कोमेजलेली कोथिंबीर पाण्यात ठेवल्यावर पुन्हा ताठ होते तेव्हा हेच उलट्या दिशेने घडते. लोणच्यातही हेच तत्त्व आहे. कैरीच्या फोडींप्रमाणे तेथे येऊ पाहणाऱ्या जिवाणूंच्या पेशींतूनही पाणी काढून घेतले जाते आणि त्यांना वाढता येत नाही.

बीट शिजवताना एक गोष्ट अवश्य पाहावी. कच्च्या बिटाच्या फोडी दोन-तीनदा धुतल्या की पाणी जवळजवळ स्वच्छ येऊ लागते, कारण सुरीने कापलेल्या पेशींचाच रंग सुटतो. बाकीच्या पेशींच्या रिक्तिकेभोवतीचे पटल आणि बाहेरचे पेशीपटल शाबूत असते. त्याच फोडी उकळत्या पाण्यात घातल्या की उष्णतेने ही पटले मोडतात आणि सगळे पाणी लालभडक होते. पेशीपटल जिवंतपणी काय काम करते हे त्या दोन भांड्यांकडे पाहून समजते.

प्रश्न : माझ्या यजमानांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी या वेळी ‘सी-पेप्टाइड’ नावाची रक्ततपासणी लिहून दिली. इन्शुलिन मोजायचे तर सरळ इन्शुलिन का मोजत नाहीत? हे सी-पेप्टाइड पेशीत कुठून येते? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर देताना पेशीचे जवळजवळ सगळे अवयव क्रमाने भेटतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते.

इन्शुलिन कसे बनवायचे याची माहिती माणसाच्या ११ व्या गुणसूत्रावर आहे आणि केंद्रक असलेल्या आपल्या प्रत्येक पेशीत ती असते; डोळ्याच्या पेशीतही आणि तळपायाच्या पेशीतही. मात्र ती वाचून कामाला लागतात त्या स्वादुपिंडातील बीटा पेशी. केंद्रकातील मूळ प्रत तेथून हलत नाही. तिची एक नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने तयार होते आणि केंद्रकपटलाच्या छिद्रांतून पेशीद्रव्यात येते. तेथे रायबोझोम त्या नकलेवर बसून अमिनो आम्लांची साखळी गुंफू लागतो. या साखळीची पहिली २४ अमिनो आम्ले म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यासारखी असतात. ती रायबोझोमच्या बाहेर डोकावताच काम काही काळ थांबते, आणि रायबोझोम अर्धवट साखळीसह आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीद्रव्यात पसरलेल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलावर नेऊन बसवला जातो. पुस्तकात ‘खडबडीत आंतर्द्रव्यजालिका’ असे जे लिहिलेले असते तो खडबडीतपणा म्हणजे असे बसलेले रायबोझोम होत. प्रथिनांच्या अंगावरच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो हे दाखवून देणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळी जालिकेच्या पोकळीत उतरली की पत्त्याचा तुकडा कापला जातो आणि ८६ अमिनो आम्लांची साखळी उरते. पोकळीत तिला योग्य घडी पडते आणि गंधकाच्या तीन बंधांनी ती घडी पक्की होते. घडी बिघडलेली साखळी पुढे पाठवली जात नाही. मग जालिकेच्या पटलाचीच एक पिटिका, म्हणजे छोटी पिशवी, फुगून सुटते आणि माल घेऊन गॉल्जी संकुलाकडे जाते. कॅमिलो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये चेतापेशींत ही रचना पाहिली तेव्हा अनेक वर्षे कित्येकांनी तो रंग देण्यातील दोष मानला होता. गॉल्जी संकुल मालाची निवड करते, कोठे काय जायचे ते ठरवते आणि त्याला नव्या पिटिकांत भरते. इन्शुलिनच्या बाबतीत या शेवटच्या पिटिकांत आणखी एक काम होते : ८६ च्या साखळीच्या मधला ३१ अमिनो आम्लांचा भाग विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, कापून वेगळा करतात, जोडणीच्या ठिकाणची चार अमिनो आम्ले गळून जातात, आणि दोन तुकडे गंधकाच्या बंधांनी जोडलेले राहतात. ते ५१ अमिनो आम्लांचे इन्शुलिन. मधला कापलेला भाग म्हणजे सी-पेप्टाइड.

तो टाकून दिला जात नाही, त्याच पिटिकेत राहतो. आपण जेवलो, रक्तातील साखर वाढली, की ती बीटा पेशीत शिरते. तंतुकणिका तिच्यापासून एटीपी हे ऊर्जेचे चलन अधिक प्रमाणात तयार करतात. त्या वाढीमुळे पेशीपटलावरील पोटॅशियमची दारे मिटतात आणि कॅल्शियमची उघडतात. कॅल्शियम आत आले की तयार पिटिका पेशीपटलाला जाऊन मिळतात आणि आतला माल रक्तात सोडतात. म्हणजे तंतुकणिका येथे केवळ वीज पुरवत नाही, जेवण झाल्याची वर्दीही तीच देते.

आता तपासणीचे कारण स्पष्ट होईल. इन्शुलिनचा एक रेणू बाहेर पडतो तेव्हा सी-पेप्टाइडचाही एक बाहेर पडतो. इन्शुलिनचा सुमारे अर्धा भाग यकृतातून पहिल्याच फेरीत जाताना काढून घेतला जातो आणि उरलेलेही काही मिनिटांत कमी होते; सी-पेप्टाइड त्यापेक्षा बराच वेळ रक्तात टिकते. शिवाय जे टोचून घेतात त्या इन्शुलिनबरोबर सी-पेप्टाइड नसते. म्हणून शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवत आहे याचा अंदाज सी-पेप्टाइडवरून अधिक चांगला येतो. आपल्या यजमानांच्या अहवालातील आकड्याचा अर्थ मात्र त्यांच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. जेवणाची वेळ, औषधे आणि मूत्रपिंडांची स्थिती या सर्वांचा त्यावर परिणाम होतो.

हा मार्ग कसा कळला तेही सांगण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात जॉर्ज पॅलाडे आणि त्यांचे सहकारी जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांना तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले, मग ते काढून साधे दिले, आणि ठरावीक वेळांनी खुणेची प्रथिने कोठे पोहोचली ते पाहिले. आधी ती आंतर्द्रव्यजालिकेत होती, काही मिनिटांनी गॉल्जीजवळ आली, आणि तासा-दोन तासांत साठवणीच्या पिटिकांत दिसू लागली. एका तेवढ्या प्रयोगाने स्थिर चित्राला दिशा मिळाली. पॅलाडे यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक अल्बेर क्लोद आणि ख्रिस्तियाँ द दूव्ह यांच्याबरोबर मिळाले.

पेशीला कारखान्याची उपमा देतात ती वाईट नाही, मीही देते. मात्र कारखान्याच्या भिंती जागच्या जागी असतात. पेशीत पिटिकेचे पटल पेशीपटलात मिसळून जाते आणि नंतर त्याचाच तुकडा आत ओढून पुन्हा वापरला जातो. खोलीची भिंतच गाडी होऊन निघावी आणि दारापाशी पोहोचून पुन्हा भिंत व्हावी, तसे हे आहे.

प्रश्न : नोबेल पारितोषिक मिळालेले वेंकटरामन रामकृष्णन आपल्या बडोद्याचे असे ऐकतो. त्यांनी पेशीतील कशावर काम केले? (महाविद्यालयीन विद्यार्थी, फतेहगंज)

उत्तर : त्यांचा जन्म १९५२ मध्ये तमिळनाडूतील चिदंबरम येथे झाला, पण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ते बडोद्यात वाढले. त्यांचे वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. याच विद्यापीठातून त्यांनी १९७१ मध्ये बी.एस्सी. केले, तेही भौतिकशास्त्रात. जीवशास्त्राकडे ते अमेरिकेत डॉक्टरेट मिळवल्यानंतर वळले. बारावीनंतर घेतलेली शाखा म्हणजे जन्माची गाठ, असे मानणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगत आले आहे.

त्यांचे काम रायबोझोमवर आहे. रायबोझोम एक मोठा आणि एक लहान अशा दोन भागांचा असतो. जिवाणूच्या रायबोझोममधील लहान भागाची अणूंपर्यंतची रचना त्यांच्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केली, आणि २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना थॉमस स्टाइट्झ व आडा योनाथ यांच्याबरोबर मिळाले. या कामाचा आपल्याशी थेट संबंध आहे. जिवाणूंचा रायबोझोम आपल्या रायबोझोमहून लहान आणि बांधणीने थोडा निराळा असतो. टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी प्रतिजैविके जिवाणूच्या रायबोझोमला जाऊन चिकटतात आणि त्याची प्रथिने गुंफण्याची क्रिया बंद पाडतात किंवा बिघडवतात, तर आपल्या पेशींचे काम बहुतांशी चालू राहते. औषध नेमके कोठे चिकटते हे रचना कळल्यावरच अणूंच्या पातळीवर पाहता आले.

प्रश्न : तंतुकणिका फक्त आईकडूनच मिळतात हे खरे का? मग वडिलांचे त्यात काहीच नाही? (वाचक, प्रतापनगर)

उत्तर : तंतुकणिकांपुरते हे खरे आहे. फलनाच्या वेळी स्त्रीबीजात लाखाच्या आसपास तंतुकणिका असतात. शुक्राणूत त्या थोड्या असतात आणि त्या बीजात शिरल्या तरी पुढे नष्ट केल्या जातात. म्हणून मुलगा असो वा मुलगी, दोघांच्याही शरीरातील तंतुकणिका आईच्या, आजीच्या, पणजीच्या ओळीने आलेल्या असतात. पुढे मात्र त्या फक्त मुलीकडून जातात. वडिलांचा वाटा केंद्रकात असतो आणि तो लहान नाही. तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएमध्ये केवळ ३७ जनुके आहेत. तिला लागणारी बहुतेक प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून पेशीद्रव्यात तयार होऊन आत जातात, आणि ती जनुके आई-वडील दोघांचीही असतात.

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए का असावा, या प्रश्नाचे उत्तर मला सगळ्या पेशीविज्ञानात सर्वांत विलक्षण वाटते. सुमारे दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीत एक जिवाणू शिरला, पचला नाही, आत राहिला, आणि त्याचे वंशज म्हणजे आजच्या तंतुकणिका. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार पुराव्यांसह मांडला तेव्हा तो सहज स्वीकारला गेला नाही, पण आज तो मान्य आहे. तंतुकणिकेला दोन पटले असतात, तिचा डीएनए जिवाणूंप्रमाणे वर्तुळाकार असतो, तिचे रायबोझोम जिवाणूंच्या रायबोझोमशी नाते सांगतात, आणि ती दुभंगूनच वाढते. हरितलवकांचीही कथा अशीच आहे.

एक सुधारणा सुचवते. ‘तंतुकणिकेत ग्लुकोज जळते’ असे वाक्य विद्यार्थी सर्रास लिहितात. ग्लुकोजचे पहिले तुकडे पेशीद्रव्यातच होतात. तंतुकणिकेत जातात ते तुकडे.

प्रश्न : लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ का म्हणतात? उपवास केल्याने त्या पेशी स्वच्छ करतात असा संदेश मोबाइलवर फिरत आहे, तो खरा का? (वाचक, वाडी)

उत्तर : हे नाव आता मागे पडायला हवे असे मला वाटते. लयकारिका फुटली तर आतली विकरे पेशीलाच पचवतील, या कल्पनेतून ते आले. पण त्या विकरांना आम्लधर्मी वातावरण लागते आणि पेशीद्रव्य तसे नसल्यामुळे एखादी लयकारिका फुटून पेशी लगेच मरत नाही. पेशी ठरवून मरते तेव्हा तिचा मुख्य मार्गही दुसरा असतो. द दूव्ह यांनी १९५५ मध्ये शोधलेल्या या पिशव्यांचे रोजचे काम मोडतोड आणि पुनर्वापराचे आहे : बाहेरून आलेले पदार्थ, जीर्ण तंतुकणिका, बिघडलेली प्रथिने फोडून त्यांतील घटक पेशीला परत देणे. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींची उपासमार करून हे स्वभक्षण कसे चालते ते शोधले आणि त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संदेशात सत्याचा अंश आहे तो एवढाच : पोषण कमी पडले की ही क्रिया वाढते, हे यीस्टमध्ये आणि उंदरांमध्ये नीट दिसले आहे. त्यावरून अमुक तासांच्या उपवासाने माणसाचा अमुक आजार बरा होतो असे म्हणणे म्हणजे मधल्या अनेक पायऱ्या गाळणे होय. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर पेशींना पोषण कमी पडलेलेही नसते, कारण साबुदाणा म्हणजे वनस्पतीच्या अवर्णलवकांत, म्हणजे पेशीतील रंगहीन लवकांत, साठलेला निव्वळ स्टार्च. उपवास श्रद्धेने अवश्य करावा. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र असे संदेश वाचून जेवणाच्या वेळा बदलू नयेत. रक्तातील साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

प्रश्न : रक्तातील लाल पेशीला केंद्रक नसते, तर ती जिवंत कशी? (विद्यार्थी, अलकापुरी)

उत्तर : ती जन्मतः तशी नसते. अस्थिमज्जेत तयार होत असताना तिला केंद्रक असते. हिमोग्लोबिन भरत आले की ती केंद्रक बाहेर टाकते, आणि पुढे एक-दोन दिवसांत तंतुकणिका व रायबोझोमही गमावते. जेवढी जागा मोकळी होते तेवढे हिमोग्लोबिन अधिक मावते. तिला लागणारी थोडीशी ऊर्जा ती पेशीद्रव्यात ग्लुकोज फोडून मिळवते, म्हणून वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनला ती स्वतः हात लावत नाही. नवी प्रथिने बनवण्याची सोय नसल्यामुळे झीज मात्र भरून निघत नाही, आणि सुमारे १२० दिवसांनी प्लीहेतील व यकृतातील भक्षक पेशी तिला गिळतात. तेथे लयकारिकांत तिचे तुकडे होतात, आणि त्यातून सुटलेले लोह रक्तामार्गे पुन्हा अस्थिमज्जेत जाऊन नव्या लाल पेशीत बसते.